ठकूचा दगड

ऐका मग. जेवणं झालीत, भांडी सकाळी घासू. ती बॅटरी बंद करा आधी, डोळ्यांवर येते. चुलीचा उजेड आहे, पुरे तेवढा. आणि तिकडं खांबाला टेकून घोंगडं पांघरून बसलेत ना, त्यांच्याकडं सारखं बघू नका. ते ऐकत बसतात, बोलत नाहीत.

मघाशी तुम्ही विचारलंत, वाघजाईच्या वाटेनं आडधारेच्या धबधब्याला किती वेळ लागतो. अर्धा तास लागतो. डांबरी रस्त्यानं वळसा घालून गेलात तर दोन तास. अर्ध्या तासाची वाट आम्ही का सोडली ते सांगते. मधेच कुणी उठायचं नाही. लघवीला जायचं असेल तर आत्ता जाऊन या, नंतर जाणार नाही तुम्ही.

तर बिरू झोरे नावाचा एक माणूस. ह्याच वाडीतला. तिन्हीसांज टळून गेली होती, पाऊस लागला होता, आणि बिरू एकटाच वर निघाला होता. हातात कंदील, डोक्यावर घोंगड्याची खोळ. शेजारच्यानं दारातनं विचारलं, "कुटं रं ह्या येळंला?" तर म्हणाला, "रेडकू ऱ्हायलंय वर." खोटं बोलला. रेडकू गोठ्यात होतं. वर राहिली होती त्याची बायको. ठकू.

आता तुम्ही म्हणाल, बायको रानात राहिली तर माणूस गाव उठवेल, चार जण बरोबर घेईल. बरोबर आहे. पण त्यानं नाही उठवलं गाव. का, ते ऐका.

आमच्याकडं एक रीत होती. वाघजाईच्या पुढं वर जाणाऱ्यानं ओढ्यातला एक दगड घ्यायचा आणि देवीच्या पायरीवर ठेवायचा. उतरताना आपला दगड आपल्या हातानं उचलायचा आणि ओढ्यात परत टाकायचा. पायरीवर जेवढे दगड तेवढी माणसं वर आहेत, असा हिशोब. गुराखी असो नाहीतर मुंबईचा साहेब, सगळ्यांना तेच. आणि दुसऱ्याचा दगड उचलायचा नाही. नवऱ्यानं बायकोचा नाही, आईनं लेकराचा नाही. कारण दगड उचलला की ते माणूस उतरलं. देवी त्याची राखण सोडते. मग ते वर राहिलं असेल तर ते कुणाचंच नाही.

कुणाचंच नाही म्हणजे कोरडीचं. आडधारेच्या मागं एक कपार आहे, तिथं ती असते. धार अंगावर पडते पण भिजत नाही, म्हणून कोरडी. माझ्या आजीनं बघितली होती. आजी खोटं बोलायची नाही, कंजूष होती पण खोटं बोलायची नाही.

त्या दिवशी पुण्याचे सहा जण आले होते. बिरू पाहुण्यांना धबधबे दाखवायचा. आडधार, वरच्या कातळ-पठाराचा सडा नि त्यावरचं टाकं, कड्यावरनं दिसणारं धरणाचं पाणी. ठकू मागनं पाटीत पिठलं-भाकरी घेऊन वर जायची. त्या दिवशीही गेली, पायरीवर आपला दगड ठेवून. जेवणं झाली आणि पावसानं असा जोर धरला की पाहुण्यांची पळापळ. पायाला जळवा लागलेल्या, बाया रडायच्या बेतात. अर्ध्या वाटेवर आल्यावर एका मॅडमच्या ध्यानात आलं, गॉगल राहिला धारेपाशी. भावानं परदेशातनं पाठवलेला. बिरू म्हणाला, "ठके, जा गं, आन जा. मी ह्यास्नी खाली सोडतो." ठकू हसत हसत मागं फिरली. तिला काय, दिवसातनं दोनदा चढायची ती.

बाकीचे वाघजाईपाशी आले. पाऊस नुसता कोसळत होता. बिरू म्हणाला, आपापले दगड उचला. कोण वाकतंय? जीप हॉर्न वाजवत होती. एक जण म्हणाला, "तूच उचल ना रे बाबा आमचे." आणि बिरूनं काय केलं, दोन्ही हातांनी पायरीवरचे सगळे दगड गोळा केले आणि फेकले ओढ्यात. सहा त्यांचे, एक त्याचा स्वतःचा, आणि आठवा ठकूचा.

टाकल्यावर त्याच्या ध्यानात आलं. आलं, हं. आलं नाही असं नाही. थांबला जरा. मग मनाशी म्हणाला, येईलच की आता मागनं. आणि पाहुण्यांना घेऊन उतरला.

ठकू आली नाही. दिवस मावळला तरी आली नाही. घरात दोन वर्षांची पोर आईसाठी रडून रडून झोपली. आता गाव उठवायचं तर पहिला प्रश्न कुठला? पायरीवर तिचा दगड हाय का? काय सांगणार होता तो? म्हणून एकटा निघाला. कळलं? लाजेपायी निघाला.

वाघजाईपाशी आला. पायरी मोकळी. त्यानं ओढ्यात हात घालून एक दगड काढला, आपला म्हणून ठेवला, हात जोडले. ठकूचाही नवा ठेवावा असं त्याच्या मनात आलं. पण ज्याचा त्यानं ठेवायचा असतो. तसाच पुढं गेला.

करवंदीच्या जाळीत शिरला आणि बांगड्या वाजल्या. पुढं, दहा-वीस पावलांवर. ठकूच्याच बांगड्या, त्याला काय कळणार नाही? "ठके," त्यानं हाक मारली. तो चालला की बांगड्या चालायच्या. तो थांबला की थांबायच्या. हा पळाला, तर त्याही पळाल्या. त्याला राग आला. त्याला वाटलं, दुपारी पाठवली म्हणून रुसलीय, चेष्टा करतीय. माणसाचं असंच असतं बघा, भीती वाटायला लागली की आधी राग येतो.

पुढं वाटेच्या मधोमध भाकरीची पाटी. त्यानं फडकं उचललं. आत एक भाकरी, आणि भाकरीतनं वाफ येत होती. सकाळी थापलेली भाकरी, पावसात पडलेली, आणि चुलीवरनं आत्ता काढल्यासारखी गरम. बिरू दुपारपासनं उपाशी होता. हात पुढं गेला त्याचा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, फडकं झाकलं आणि पाटी ओलांडून गेला.

आणि मग पाणी गप झालं.

आडधार तुम्ही संध्याकाळी लांबनं बघितलीत ना? इथं अंगणात ऐकू येते तिची घरघर, ऐका, आत्तासुद्धा येतीय. बिरू तिच्या समोर उभा होता आणि आवाज नाही. पाणी पडत होतं, कंदिलात दिसत होतं, तुषार तोंडावर येत होते. पण आवाज नाही. त्याचा स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि समोरच्या कातळावर ठकू बसली होती.

डोळ्यांवर तो गॉगल. रात्रीच्या अंधारात काळा गॉगल लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. "घावला बगा," म्हणाली. "कशी दिसतीया मी? मॅडमवानी?"

आता ठकू होतीच तशी. चेष्टेखोर. त्यामुळं बिरूला हसू आलं, रडूही आलं. म्हणाला, "काढ त्यो डोळ्यांवरचा. चल घरला, पोर रडून झोपलीया." ती उठली. गॉगल काही काढला नाही. त्यानं अंगावरचं घोंगडं काढून तिच्या खांद्यावर टाकलं, तेव्हा हात लागला तिच्या लुगड्याला. लुगडं कोरडं होतं. धो धो पावसात, धारेच्या तोंडाशी बसलेली बाई, आणि लुगडं दोरीवरनं आत्ता काढल्यासारखं कोरडं.

त्याला कळलं असेल का तेव्हा? मी म्हणते कळलं होतं. हाताला कळलं होतं. मनाला कळू दिलं नाही त्यानं.

दोघं उतरायला लागली. दहा पावलं गेली नसतील, तर मागनं हाक आली. धारेच्या मागनं. "आवं... आवं, हिकडं... पाय मोडलाय माजा..."

ठकूचा आवाज. बिरू थांबला. त्याच्या शेजारची म्हणाली, "थांबू नगासा. कोरडी हाय ती. आवाज काडतीया माजा."

"आवं, कंदील दिसतुया मला तुमचा... जाऊ नगासा..."

"चला," शेजारची म्हणाली. "पोर उटंल."

सांगा, तुम्ही काय केलं असतं? शेजारी बायको चालतीय, डोळ्यांना दिसतीय, बोलतीय. मागं नुसता आवाज. तो चालत राहिला. हाका येत राहिल्या. आधी मोठ्या, मग लहान. करवंदीच्या जाळीपर्यंत येत होत्या, असं तो सांगतो.

वाघजाईची पायरी आली. पायरीवर एकच दगड, बिरूचा. ती पायरीच्या अलीकडंच थांबली. बिरू म्हणाला, "ओढ्यातला एक दगड घे, ठेव, नि उचल. मग जाऊ."

"मी कशाला?" ती म्हणाली. "माजा दगड दुपारीच उचललासा न्हवं तुमी? मी तवाच उतरले."

बिरूनं कंदील वर धरला. ती दुपारी इथं नव्हतीच. दगड त्यानं फेकले ते पाहुण्यांशिवाय कुणी बघितलं नव्हतं.

"मग वर हाका कोन मारतंय?" त्यानं विचारलं.

"तिचा दगड न्हाय," ती म्हणाली. "जिचा दगड न्हाय तिला कोन इचारतंय?"

आणि तिनं गॉगल काढला. खाली काय होतं ते बिरूनं कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. मग तिनं हात लांब केला. पायरीच्या अलीकडं उभी होती, पण हात पायरीपर्यंत आला. त्याच्या दगडाकडं. "तुमचाबी मीच उचलते," म्हणाली. "आपल्या मानसांत काय ज्याचं त्यानं उचलायचं नि काय."

तिनं उचलला असता तर बिरूही कुणाचा राहिला नसता. त्यानं झडप घातली. बोटाला बोट लागलं, असं सांगतो. दगड त्याच्या हातात आला, तो त्यानं ओढ्यात फेकला आणि मागं न बघता पळत सुटला. आणि पळताना वरनं हाक आली. शेवटची. नाव घेऊन मारलेली. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ठकूनं घेतलं.

त्याला कळलं होतं आता, खरी कोण ते. पक्कं कळलं होतं. तो वर गेला नाही. वाडीत आला, घरात शिरला, आतनं कडी घातली, आणि पोरीशेजारी घोंगड्याशिवाय पडून राहिला. शेजाऱ्याला उठवलं नाही. कुणालाच नाही. तांबडं फुटेपर्यंत.

सकाळी माणसं गेली. कपारीत सापडली ठकू, धारेच्या मागं, पाय मांडीपाशी मोडलेला. माझा बाप होता त्या माणसांत. त्यानं कपाळाला हात लावला. अंग अजून कोमट होतं. पहाटेपर्यंत होती ती. रात्रभर होती. आणि तो गॉगल पदराला गाठ मारून जपून ठेवला होता तिनं, मॅडमला द्यायला.

हो, माझाच बाप. ठकू माझी थोरली बहीण.

कोरडी होती की बिरू भ्याला होता, ते मला विचारू नका. त्याचं घोंगडं मात्र पायरीपाशी सापडलं, घडी घालून ठेवलेलं आणि कोरडं. एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझी बहीण रात्रभर हाका मारत होती, एवढं मला ठाऊक आहे.

चार महिन्यांनी माझं त्याच्याशी लग्न लावून दिलं. पोरीला कोण बघणार, म्हणाले. मी सोळा वर्षांची.

अहो, पांघरा ते घोंगडं नीट. पाहुण्यांना दिसलात आता.

तर उद्या डांबरी रस्त्यानं जा. लोखंडी कठडा आहे तिथनं धबधबा बघा, फोटो काढा, सड्यावर फिरा. वाघजाईच्या वाटेनं जायचं नाही. हे सकाळी उठून म्हणतील, चला मी दाखवतो, मला वाट ठाऊक आहे. दर पाहुण्यांना म्हणतात. नाही म्हणायचं. रोज तिन्हीसांजेला जाऊन पायरीवर ठकूच्या नावानं एक दगड ठेवून येतात. त्यांच्या हातनं ठेवलेला दगड कुणाला लागू होत नाही, पण ठेवतात. मी अडवत नाही.

आणि रात्री ओट्यावरनं आवाज आला तर घाबरू नका. झोपेत उठून बसतात, दाराकडं बघतात आणि विचारतात, "ठके, उतरलीस का गं?" पहिली दोन वर्षं मला दया यायची. उतरली, झोपा, असं म्हणायचे मी. मग एक दिवस पेटी आवरताना तो गॉगल हाताला लागला. पदराची गाठ तशीच होती, माझ्या आईनं पदर फाडून ठेवलेला. तेव्हापासनं मी खोटं बोलत नाही. ते विचारतात, आणि मी आतनं सांगते, नाही. अजून नाही उतरली.