खिंडीपलीकडचं लग्न

(खिंडीखालचा बर्फाचा उतार. उर्सिनानं धाकट्या भावाला, फ्लुरिनला, नुकतंच कमरेपर्यंत उकरून काढलंय.)

उर्सिना : खिदळतोयस काय? पाय हलतात का बघ.

फ्लुरिन : हलतात! ताई, दोन्ही हलतात! हा उजवा, हा डावा. आज नाचूसुद्धा शकेन मी.

उर्सिना : नाच नंतर. बोटं?

फ्लुरिन : सगळी जागेवर. अगं, नवरदेव बर्फाखाली आणि करवली वर फावडं घेऊन! आपल्या खोऱ्यात असं लग्न झालंय का कुणाचं?

उर्सिना : डोक्याला लागलंय का तुझ्या?

फ्लुरिन : नाही गं. नुसतं हसू येतंय, थांबतच नाही. तुझ्या गालावर बर्फाची रेघ काय ओढलीय...

उर्सिना : रडत होते. ते गोठलंय.

फ्लुरिन : रडत होतीस? तू?

उर्सिना : शोधयंत्र ‘इथंच आहे, इथंच आहे’ म्हणून नुसतं कोकलत होतं आणि तू काही दिसत नव्हतास. मग बर्फात लांब सळई खुपसली, ती तुझ्या ढुंगणाला लागली.

फ्लुरिन : ती तू होतीस होय! मला वाटलं, देवदूत टोचतोय.

उर्सिना : हसवू नकोस रे मेल्या! ये, ओढते. एक, दोन... हं!

फ्लुरिन : आलो! एक स्की मात्र खालीच राहिली.

उर्सिना : राहू दे.

फ्लुरिन : चल, पटकन. हा पुढचा उतार ओलांडला की नवरीचं गाव. सेराइना वाट बघत असेल. चर्चचा कळस दिसतोय बघ!

उर्सिना : तो ओलांडायचा नाही.

फ्लुरिन : अगं, कोसळायचं ते कोसळलं की.

उर्सिना : इथलं कोसळलं. तिथलं तसंच आहे. वाऱ्यानं रात्रभर बर्फ आणून थापलाय त्या अंगाला. वर टणक पापुद्रा, खाली साखरेसारखा भुसभुशीत. मघाशी आतून धप्प झालं, ऐकलंस ना?

फ्लुरिन : मला वाटलं, तुझं पोट.

उर्सिना : फ्लुरिन! डोंगराच्या या सोंडेवर चढायचं आणि पलीकडच्या झाडीतून उतरायचं. चालत.

फ्लुरिन : संध्याकाळ होईल! तिचे बाबा आधीच म्हणतात, तुमच्या खोऱ्यातल्यांना वेळेचं भान नाही. खालचा गाडीरस्ता हिमलोटानं बंद झाला, म्हणून असं डोंगरावरून यावं लागलं, तेही माझंच पाप!

उर्सिना : फोन लाव. मी सांगते.

फ्लुरिन : नको, मीच सांगतो... हॅलो? सेराइना?

सेराइना : कुठेयस तू? पाद्रीबुवा खाकरून खाकरून दमले.

फ्लुरिन : बर्फावर. म्हणजे आधी बर्फाखाली होतो, आता वर आलोय!

सेराइना : चेष्टा पुरे.

उर्सिना : आण तो फोन इकडे, स्पीकरवर टाकते. सेराइना, मी उर्सिना. चेष्टा नाही. हिमलोटात सापडला होता. धडधाकट आहे.

सेराइना : खरंच धड आहे?

उर्सिना : बडबड ऐकतेयस ना?

फ्लुरिन : एका स्कीवर येतो, बगळ्यासारखा! जवळच्या वाटेनं अर्ध्या तासात...

सेराइना : उर्सिनाताई, जवळची वाट कशी आहे?

उर्सिना : टपून बसलीय.

सेराइना : मग लांबून या.

फ्लुरिन : अगं, पण तुझे बाबा?

सेराइना : बाबांपुढे बार्लीचं सूप ठेवते. सगळ्यांनाच वाढते. आणि वाजंत्री बसलेत जांभया देत, त्यांना म्हणते, वाजवा! आधी नाच, मग लग्न.

फ्लुरिन : नवरदेवाशिवाय?

सेराइना : नवरदेव येतोय ना? अंधार पडला तरी चालेल.

फ्लुरिन : ऐकलंस, ताई? ही माझ्याहून खुळी निघाली! सेराइना... अगं, बोल ना. रडतेयस का?

सेराइना : नाही.

फ्लुरिन : मग गप्प का?

सेराइना : तूही जरा गप्प बस. फोन ठेवू नकोस. तुझा नुसता श्वास ऐकू दे मला.