दुसऱ्या ओळीचा सूर

माझा गळा कसा आहे ते तुम्ही सोसायटीच्या गणपतीत ऐकताच. तर हाच गळा घेऊन मी नेरूळला डीएड करत होते, शहाण्णव साल असेल. संगीताचा परीक्षेचा पाठ आला जवळच्या शिरवणे गावातल्या शाळेत, दुसरीच्या वर्गावर. मार्क द्यायला बाहेरचे परीक्षक, आणि त्यांच्या शेजारी आमच्या संगीताच्या देसाई मॅडम.

टेन्शनमध्ये मी बेडकाचं गाणं भलत्याच वरच्या पट्टीत धरलं. दुसऱ्या ओळीला सूर सुटला. पण मी थांबले नाही, हातवारे केले, उड्या मारल्या, आणि पोरंही माझ्यामागे उड्या मारत गायली. संपल्यावर पुढची एक मुलगी म्हणाली, "बाई, आजून एकदा म्हनूया ना."

बाहेर व्हरांड्यात परीक्षक देसाई मॅडमना म्हणाले, "हिला पास कसं करू? दुसरी ओळ अख्खी बेसूर."

"आणि मुलं?"

"तीही बेसूर. हिनं चूक केली तिथेच, तशीच."

"सगळी?"

"सगळी. एकही सुटलं नाही."

"म्हणजे हिनं शिकवलं ते अख्खा वर्ग शिकला," मॅडम म्हणाल्या. "हिची ती ओळ मी बसवून घेते. पण माझ्या सुरात गाणाऱ्या मुलींच्या मागे वर्ग असा जात नाही, त्याला मी काय करू ते सांगा."

मी पास झाले. मग महिनाभर कॉलेज सुटल्यावर मॅडमनी मला पेटीपुढे बसवलं. ती दुसरी ओळ मी आजही चोख सुरात म्हणते. आता ती आरतीत येत नाही, त्याला मी काय करू?