बुक्क्याचे काळे ओठ

शुक्रवार, सकाळी सव्वाआठ. काकडा आटोपलेला, चहा चालू. पिंपळदऱ्याच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह कमिटीचे अध्यक्ष संपतअण्णा घुले पखवाजापाशी आले आणि वाजवणाऱ्या मुलीला म्हणाले, "ऊठ. रविवारचा काला दुसरा कुणी वाजवील."

एवढंच घडलं, मंडळी! आता मला सांगा — शिक्षा द्यायची तर आधी काय पाहिजे? पंच? काठी? नाही हो, गुन्हा पाहिजे! आणि गुन्ह्याचं नावच सांगता येत नसेल, तर शिक्षा देणाऱ्याला काय म्हणायचं? हा प्रश्न मनात धरा आणि ऐका.

ईश्वरी ढमाले. वय वीस. सहा वर्षं त्या देवळात पखवाज वाजवते. हात असा, की डाव्या तोंडाला लावलेली कणीकसुद्धा डोलते! आणि पोरगी गॉथ आहे. — आल्या, कपाळावर आठ्या आल्या! सांगतो. इंटरनेटवर पोरापोरींचे जथे आहेत. कुणी जुन्या काळचे झालरीचे झगे घालतं, कुणी जपानी चित्रांसारखे केस रंगवतं. गॉथ पोरं काळं घालतात. काळे कपडे, काळे ओठ, गळ्यात साखळी. एक गुवाहाटीत, एक नागपुरात — कधी भेट नाही, पण फोटो पाहिला की ओळख पटते. हसताय? एसटीत समोरच्याच्या गळ्यात माळ दिसली की तुम्ही सरकून जागा देता ना? ते काय असतं?

आता गावात असले कपडे कुठले मिळायला! ईश्वरीने जुन्या छत्रीचं कापड उसवलं, कुडत्याला झालर लावली. पाऊस आला तर सगळं भजनी मंडळ ओलं, पखवाजवाली कोरडी! साखळी सायकलच्या दुकानातली. राहिले ओठ. दुकानदार म्हणाला, "काळी लिपस्टिक नाही ताई. मरून चालेल?" नाही चालली. मग तिने काय केलं — आपण कपाळी लावतो तो बुक्का चिमूटभर घेतला, तुपात कालवला आणि ओठांना लावला!

फोटो टाकला. खाली कुणीतरी विचारलं, "कुठली शेड?" खोटं लिहिलं असतं तर सुटली असती. हिने लिहिलं — "बुक्का. आमच्या देवळातला."

झालं! देशभरातली काळ्या ओठांची पोरं विचारायला लागली, बुक्का कुठे मिळतो? आणि तोच फोटो गुरुवारी गावाच्या ग्रुपवर आला.

म्हणून शुक्रवारी तिला उठवलं. दुपारी कमिटी बसली. अण्णा म्हणाले, "माफी लिहून दे पोरी, आणि काला वाजव. विषय संपला."

ईश्वरी तशाच काळ्या ओठांनी आली होती. म्हणाली, "देते, अण्णा. पण माझी चूक काय ते आधी तुम्ही लिहा. त्याखाली मी माफी लिहिते."

"त्यात काय एवढं! काढा रजिस्टर!"

इथंच फसले, मंडळी!

चिटणिसाने लिहिलं — 'बुक्का ओठांना लावला.' ऐंशी वर्षांचे वीणेकरी गेनबाबा म्हणाले, "थांब. सहा दिवस आपण एकमेकांच्या पाया पडतोय, गळ्यात पडतोय. माझ्या मिशीत बुक्का, ओठावर बुक्का, परवा तर आमटीत बुक्का! माझंही नाव लिही." खोडलं.

'बुक्का देवळाबाहेर नेला.' गेनबाबा म्हणाले, "अण्णा, तुझ्या नव्या ट्रॅक्टरला लावलाय ते काय काजळ आहे?" खोडलं.

'काळे कपडे घातले.' सगळे हळूच गाभाऱ्याकडे बघायला लागले! खोडलं.

अण्णा भडकले. "मग लिहा — देवाची वस्तू नटायला वापरली!"

आता खरं बोलतो. हा मुद्दा पोकळ नव्हता.

ईश्वरी म्हणाली, "हो, नटले. आणि गंध वाकडं झालं की तुम्ही आरशात बघून पुसता, परत काढता, ते कशासाठी, अण्णा? तिकडे इंटरनेटवर मला हसतात, देवळात पखवाज वाजवते म्हणून. तिथं मी देऊळ लपवलं नाही. मग इथं ओठ का लपवू?"

चिटणिसाचं पेन तिथंच थांबलं.

आणि तुम्ही! हो, पुढच्या रांगेतले तुम्ही! घरात मुलाने केस निळे केले, मुलीने कान तीनदा टोचले, की घर डोक्यावर घेता. घ्या! आईबाप आहात. पण ओरडण्याआधी एक ओळ लिहा — याने कुणाचं काय बिघडवलं? लिहिता आली, तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. नाही आली, तर हात आवरा! लेकराला जगू द्या!

आज शनिवार. इथं उभं राहण्याआधी गेनबाबांना फोन केला. रजिस्टरमध्ये तीन ओळी खोडलेल्या, चौथी अर्धी. खाली माफी नाही. शेजारच्या गावच्या वादकाने अजून होकार दिलेला नाही. ईश्वरी आज काकड्याला गेली होती, ओठ काळेच. काला उद्या सकाळी दहाला. पखवाज देवळाच्या कोठीत कुलपात आहे आणि किल्ली अण्णांकडे आहे.