मंत्र्याचं ऑब्जेक्शन

आमचा वसंता आठवतो ना? तो सरकारी वकील आणि मी कायम आरोपीच्या बाजूनं. कोर्टात एकमेकांच्या अंगावर जायचो आणि सुटी झाली की एकाच टेबलावर चहा प्यायचो. मग त्याला सिल्लोडकडनं तिकीट मिळालं, गडी निवडून आला आणि थेट कायदामंत्री झाला.

पुढं एकदा आमच्याच कोर्टात कसल्याशा उद्घाटनाला आला. माझी बैलचोरीच्या केसमध्ये उलटतपासणी चालली होती. हा गळ्यातले हार काढून गुपचूप मागच्या बाकावर येऊन बसला.

मी साक्षीदाराला विचारलं, "काय हो, बायकोशी तुमचं पटत नाय म्हणं?"

नवा सरकारी वकील आपला कागद चाळत बसलेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ऑब्जेक्शन, साहेब! बैलाचा आणि बायकोचा काय संबंध?"

बघतो तर वसंता उभा! अंगात पांढरा झब्बा, आणि हात कोटाची कॉलर शोधतोय.

जज्जसाहेब जुने, लई खमके. चष्म्यावरनं बघत म्हणाले, "काळा कोट न घालता उभा राहिलेला वकील या कोर्टाला दिसत नाही."

कोर्टाचा तो रिवाजच आहे. वसंता मुकाट खाली बसला.

सुटी झाली. बाहेर लाल दिव्याची गाडी, पोलीस, हार घेतलेली माणसं. त्या सगळ्यांना चुकवून तो माझ्याजवळ आला.

"तुझा कोट दे जरा."

"अरे, घामानं भिजलाय तो."

"असू दे रे." त्यानं तो झब्ब्यावर चढवला, बटणं लावली आणि ताठ उभा राहिला.

"बघ बरं. आता दिसतो का मी?"