संभाजीरावांचे उडते पक्षी

संस्थान मध्यभारतात विलीन झालं, त्याच्या पुढचा हिवाळा. माधवगंजच्या पोस्टात पार्सलच्या लाइनीत माझ्यापुढे दोन म्हातारे उभे होते.

“संभाजीराव, शिकारखातं मोडलं. आता तुमची फोटोग्राफी बंदच असेल?”

“बंद? मुलीकडे अलिबागला गेलो होतो, तिथं काढलेला हा फोटो बघा. मुंबईच्या प्रदर्शनात पहिला आला! एक कॉपी मुलीला पाठवतोय.”

“हे इवलेसे पक्षी कुठले?”

“चिखल्या म्हणतात तिकडे. ओहोटी लागली की चिखलात किडे टिपतात. मीही चिखलातच स्टँड रोवला, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि उभा राहिलो.”

“मग?”

“मग समुद्र आला.”

“आला मतलब?”

“अहो, आपल्या तिघऱ्याच्या तलावाचं पाणी एकदा उतरलं की बरसातीपर्यंत चढतं का? मला वाटलं, समुद्राचंही तसंच. बघता बघता कमरेपर्यंत पाणी! जावई किनाऱ्यावरून ओरडतोय, मामा, भरती आली, परत फिरा!”

“अन् तुम्ही?”

“बिलकुल हललो नाही. सगळा चिखल बुडाला, समोर एक उंचवटा तेवढा उरला. सगळे पक्षी त्याच्यावर, माझ्यापासून दहा हातांवर!”

“पण जरा धूसर आलेत हो. पूर्वी तुमच्या फोटोत एकेक पीस मोजता यायचं.”

“यायचंच. तेव्हा ते मारून, शिकारीला आलेल्या साहेबांच्या बुटांपुढे ओळीत मांडलेले असायचे. तीस वर्षं मी तेच काढले. आता हे पंख बघा, लक्ष्मीकांतराव. माझ्या फोटोतले पक्षी पहिल्यांदा उडालेत!”