अनवाणी बिशप

नवा बिशप आज प्रथेप्रमाणे वेशीपासून कॅथेड्रलपर्यंत अनवाणी चालणार होता. गर्दीत म्हाताऱ्या फादर ऑस्बर्टच्या पुढ्यातच दोन बायकांची तोंडं सुरू होती.

“अनवाणी म्हणे! रस्ताभर लोकरी कापड अंथरलंय की!”

“राजाची पत्रं लिहून बिशप झालाय गं तो. चिखल कशाला तुडवेल?”

“आधी चार गावांचा पाद्री होता ना?”

“नावाला! धान्यातला दहावा वाटा तेवढा न चुकता उचलायचा. बाप्तिस्मे आणि मयती दुसऱ्याच्या गळ्यात.”

“आली बघ मिरवणूक! सोबतचे चमचेही अनवाणी, नाटकी मेले! फादर, तुम्ही कुठले हो?”

“त्या चारांतल्याच एका गावचा. एकोणीस वर्षं त्याच्या जागी मीच राबतोय.”

“अगंबाई! मग कसा आहे हो माणूस?”

फादर टाचा उंचावून बघू लागला.

“आधी मला सांगा, यातला तो कोणता?”