मागची भिंत

राहुरीच्या स्टुडिओत नीलांबरी वारलेल्या वडिलांच्या निगेटिव्ह घेऊन बसली होती. तिच्या आधी स्टुडिओवाला एका म्हातारीच्या मुलाची निगेटिव्ह स्कॅन करत तिच्याशी बोलत होता.

“मावशी, पोरगं लई पिवळं दिसतंय. फिल्म तीस वर्षांची, रंग बिघडला असेल.”

“मग काढ की पिवळं.”

“काढलं, तर मागची भिंत निळी झाली.”

“भिंत पांढरी हुती. मीच चुना दिल्ता.”

“आधी पांढरीच दिसत होती. म्हणजे फिल्म चांगली आहे. पोरगंच पिवळं होतं. डोळेपण बघा. कावीळ होती का?”

“ह्या फोटोनंतर आठ दिवसांत गेला. मला वाटलं, मामाच्या लग्नातली हळद हाय. ह्याचा बाप अजून इचारतो, तुला दिसलं कसं न्हाई?”

“मग काय करू, मावशी?”

“भिंत हुदे निळी. पिवळं काढ.”